दख्खनी कागद : त्याचा तंतु, परीक्षा व जतन

जुन्या दप्तरांविषयीं आजवर जें पुष्कळ लिहिलें गेलें, तें बहुतांशीं अक्षरांविषयीं आहे. लेख कोणाचा, मिति कोणती, शिक्का खरा कीं बनावट, इतकें पाहून संशोधक थांबतो. तीं अक्षरें ज्या पदार्थावर उमटलीं त्याची विचारपूस फारशी होत नाहीं. परतूर व भोवतालच्या गांवीं जुन्या वतनदारांच्या घरांतून जे रुमाल आमच्या पाहण्यांत आले, त्यांत दोन जातींचा कागद एकाच गांठोड्यांत बांधलेला वारंवार आढळतो. एक दीडदोनशें वर्षांचा : रंगानें मळकट, कडा कसरीनें खाल्लेल्या, परंतु हातीं धरला असतां मऊ, चिवट आणि घडीवर न मोडणारा. दुसरा निजामी अमलाच्या शेवटच्या साठसत्तर वर्षांतील गिरणीचा : एके काळीं शुभ्र असावा, आतां तपकिरी झालेला, घडी उलगडतांच दोन तुकडे होणारा. आजोबा चालतेबोलते आहेत आणि नातू अंथरुणास खिळला आहे, अशांतला हा प्रकार. याचें कारण वयांत नसून वनस्पतीचा तंतु कोणत्या रीतीनें शुद्ध केला यांत आहे. आणि हें कारण नीट समजलें तर खऱ्याखोट्या सनदेची परीक्षा व जीर्ण पत्रांची दुरुस्ती या दोन्ही कामीं त्याचा उपयोग होतो.

प्रथम कागद म्हणजे काय हें ठरविलें पाहिजे. कारण या बाबतींत आमच्या कांहीं पंडितांनीं अभिमानाच्या भरांत घोटाळा करून ठेविला आहे. शिकंदराचा आरमारी सरदार निआर्कस यानें, हिंदी लोक चांगल्या कुटलेल्या वस्त्रावर पत्रें लिहितात, असें सांगितल्याचें स्ट्राबो नमूद करतो. एवढ्यावरून इसवी सनापूर्वी चौथ्या शतकांत आपणांकडे कागद होत असे, असें अनुमान काढण्यांत आलें. आमच्या मतें हें टिकणारें नाहीं. कुटलेलें वस्त्र तें वस्त्रच. कर्नाटकांत ‘कडत’ म्हणून हिशेबाच्या वह्या असत. कापडास चिंचोक्याची खळ व कोळशाची पूड चढवून त्यांवर लिहीत. शृंगेरी मठाचीं कडतें प्रसिद्धच आहेत. निआर्कसानें पाहिलें तें याच कुळांतील असावें. कागदाचें लक्षण निराळें आहे : वनस्पतीचा तंतु कुटून सुटा करावयाचा, पाण्यांत तरंगत ठेवावयाचा, आणि चाळणीवर पुन्हा एकमेकांत गुंतवून त्याचा ताव करावयाचा. सूत नाहीं, वीण नाहीं. ही युक्ति चीनची. तेथील दरबारीं ती सन १०५ मध्यें त्साइ लुन यानें निवेदन केली असें तिकडील इतिहास सांगतो. सन ७५१ च्या लढाईंत धरलेल्या चिनी कैद्यांकडून समरकंदास ही विद्या मिळाली अशी अरबी परंपरा आहे, आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादेंत कागदाचे कारखाने होते. ‘कागद’ हा शब्दच फारशी आहे. उत्तरकालीन संस्कृत लेखनांत ‘कद्गल’ असें त्याचें रूप येतें. तें परकीय शब्दास चढविलेलें सोवळें होय, व्युत्पत्ति नव्हे. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी येथें फारशीचें देणें नाकारण्यांत शोभा नाहीं.

दक्षिणेंत हें शास्त्र कोठें रुजलें, याचें उत्तर परतुराहून फार लांब शोधावें लागत नाहीं. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नांवाचें गांव आहे. महंमद तुघलकानें १३२७ त राजधानी देवगिरीस आणिली तेव्हां कागजी लोक दिल्लीकडून बरोबर आले, असें तेथील परंपरा सांगते. परंपरा म्हणूनच ती घ्यावी. तथापि ती असंभाव्य नाहीं, कारण राजधानी म्हटली कीं दप्तर आलें आणि दप्तर म्हटलें कीं कागद आला. पुढें ‘दौलताबादी’ हें नांव दक्षिणेंत कागदाच्या जातीचेंच झालें, आणि फर्मानांकरितां सोन्याची बारीक कणी शिंपडलेला ‘अफशानी’ कागदहि वापरीत. तिकडे घाटाकडे जुन्नर हें दुसरें मोठें ठिकाण. तेथील कागदी लोक मुसलमानच, आणि पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा त्याच व्यवसायाची खूण आहे. छत्रपतींचीं, पेशव्यांचीं व निजामाचीं दप्तरें परस्परांच्या तक्रारींनीं भरलीं आहेत; परंतु तीं लिहिलीं गेलीं तीं बव्हंशीं याच कारागिरांच्या हातच्या तावांवर.

त्यांची रीत तपशिलानें सांगण्याजोगी आहे. मूळ द्रव्य ताजें झाड नव्हे, तर वापरून जुनें झालेलें ताग : वाण्यांच्या फाटक्या गोण्या, कुजके दोर, जाळीं, आणि जोडीला चिंध्या. बारा वर्षें ओझीं वाहिलेल्या गोणींतील तंतु ऊनपावसानें अर्धा धुतलेलाच असतो. तिचे तुकडे करून भिजवावयाचे, आणि ढेंकीखालीं, म्हणजे पायानें उचलून सोडण्याच्या जड लाकडी हातोड्याखालीं, कुटावयाचे. मग नदीवर धुऊन चुन्याच्या निवळींत कालवून दिवसचे दिवस मुरत ठेवावयाचे. पुन्हा कुटणें, पुन्हा धुणें. मग सज्जीखार घालून पुन्हा तेंच. असें अनेक वेळां झाल्यावर लगदा लोण्यासारखा होतो. तो हौदांतील पाण्यांत ढवळून कारागीर हौदाच्या कांठीं बसतो. त्याचा सांचा म्हणजे लांकडी चौकटीवर पसरलेली गवताच्या बारीक काड्यांची चटई, घोड्याच्या केसांनीं गुंफलेली. ती पाण्यांत तिरपी बुडवून आडवी उचलतांना हातास जो एक हेलकावा देतो, त्यांत सगळें कसब आहे. तंतु चोहोंकडे सारखे बसले तर ताव साधला. ओले ताव थरावर थर रचून दगडाखालीं दाबतात, मग एकेक सोडवून चुन्यानें गिलावा केलेल्या भिंतीवर कुंचल्यानें चिकटवून वाळवितात. वाळल्यावर तांदुळाची किंवा गव्हाची खळ देतात, पुन्हा वाळवितात, आणि शेवटीं फळीवर ठेवून गुळगुळीत दगडानें घोटतात. न घोटलेल्या कागदावर बोरू अडखळतो व शाई फुटते. सन १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरांत हा उद्योग वर्णिला आहे. जिज्ञासूंनीं तो भाग अवश्य पाहावा.

आतां रसायनशास्त्राची साक्ष काढूं. वनस्पतीच्या तंतूंतील मूळ द्रव्य सेल्युलोज हें पायां नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३८ त वेगळें करून दाखविलें. तें साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी होय. साखळी लांब तोंवर कागद चिवट. ती तुटली कीं कागद ठिसूळ. तिचा शत्रु आम्ल. कागज्यानें हें शास्त्र वाचलें नव्हतें. पण त्याच्या चुन्यानें व खारानें लिग्निन नांवाचें तंतूंना जखडणारें द्रव्य बरेंच सुटलें, आणि धुतल्यावरहि मागें राहिलेला चुन्याचा अंश खडूच्या रूपानें आम्लाचें निवारण करीत राहिला. ढेंकीनें तंतु चेंगरला, कापला गेला नाहीं, म्हणून तो लांब राहिला. खळ हा मात्र या कागदाचा दोष आहे. पिठाचा अंश असल्यामुळें कसर व वाळवी त्यावर तुटून पडतात. पोथ्यांतील भोकें हा त्याचाच प्रसाद. पोथीलेखक यास जाणून होते. पुष्कळ पोथ्यांचीं पानें हरताळानें पिवळीं केलेलीं आढळतात. हरताळ सोमलयुक्त असल्यानें किड्यांस मारक. चुकलेलें अक्षरहि हरताळ लावूनच झांकीत, आणि ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच निघाला. काजळ व डिंक यांची शाई कागदास इजा करीत नाहीं. परंतु चित्रांतील व चौकटींतील जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा रंग, कागद जाळून टाकतो. हिरव्या रेघेवर पान कापल्यासारखें तुटलेलें दिसतें तें यामुळें.

हा धंदा बसला कसा, याची हकीकत थोडक्यांत पुरे. सर चार्लस् वुड हे १८५९ ते १८६६ पर्यंत भारतमंत्री असतां सरकारी कचेऱ्यांनीं विलायती कागद घ्यावा असा हुकूम झाला. तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करवूं लागले. मागाहून यंत्राच्या गिरण्या आल्या. आमच्या भागांत हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास परतुरावरून गेला आणि गिरणीचा ताव तालुक्यास सहज येऊं लागला. या नव्या कागदाची प्रकृति मुळांतच निराळी. इलिग नांवाच्या जर्मनानें १८०७ त राळ व तुरटी यांची खळ काढली. तुरटीमुळें कागदांत आम्ल कायमचें घर करून बसलें. केलर यानें १८४४ त लांकूड दगडावर घासून लगदा केला. त्यांत लिग्निन जसेंच्या तसें राहतें आणि उजेडानें पिवळें पडतें. पुढें लांकूड रसायनांत शिजवून लिग्निन काढण्याच्या रीति निघाल्या, तरी तुरटी सुटली नाहीं. राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड १८९८ त छापला. त्या काळच्या छापील पुस्तकांचीं पानें उलटतांना कोपरे हातीं येतात, आणि ज्या पत्रांच्या रक्षणार्थ छपाई झाली त्यांपैकीं कित्येक मूळ पत्रें अद्याप धडधाकट आहेत, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आतां परीक्षेचा मुद्दा. ताव उजेडासमोर धरावा. गवताच्या सांच्याच्या रेघा बारीक, दाट व किंचित् वांकड्या दिसतात आणि जलचिन्ह नसतें. युरोपी हातकागदांत तारेच्या सांच्याच्या सरळ रेघा व बहुधा जलचिन्ह दिसतें. इंग्रजी कागदांत जलचिन्हाबरोबर साल घालण्याची चाल १७९४ च्या कायद्यानंतर पडली. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीच्या आरंभीची म्हणून दाखविलेली सनद जर १८०० नंतरचें साल पोटांत घेऊन बसली असेल, तर ती मूळ नव्हे हें उघड आहे. लांकडाचा लगदा आढळला तर कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा नव्हे. लिग्निन ओळखण्यास फ्लोरोग्लुसिनॉल या औषधानें लाल रंग येतो कीं नाहीं तें पाहतात. परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. गोणपाटाच्या तंतूंतहि, विशेषतः बंगाली ज्यूटांत, लिग्निन असतें. तेव्हां केवळ लाली पाहून कागदास गिरणीचा ठरविणें अन्याय होईल. सूक्ष्मदर्शकाखालीं तंतूचा आकार पाहिल्यावांचून निकाल देऊं नये. तसेंच आयोडीनच्या थेंबानें निळा रंग आला तर पिठाची खळ आहे एवढेंच सिद्ध होतें. असे प्रयोग सुट्या पडलेल्या कणावर करावे, पत्रावर कदापि नव्हे. आणखी एक गोष्ट : कागद नवा ठरला म्हणून मजकूर खोटा ठरत नाहीं. इनामांच्या चौकशींत वतनदारांनीं जुन्या सनदांच्या नकला करून दिल्या. मूळ गहाळ झालें आणि नक्कल उरली. तिला बनावट म्हणून टाकून देणारा संशोधक पुराव्याचा एक धागा स्वहस्तें तोडतो.

दुरुस्तीच्या नांवाखालीं जें होतें तें पाहून मात्र वाईट वाटतें. चिकटपट्टी लावलेलीं पत्रें आम्हीं पाहिलीं आहेत. पट्टी गळून पडते आणि तिचा डाग अक्षरासह राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यांत सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक पापुद्र्यांत पत्र दाबून बसविण्याची रीत देशोदेशींच्या अभिलेखागारांत सद्‌हेतूनें चालली. हा पापुद्राहि वनस्पतितंतूचाच, पण सिरक्याच्या आम्लाशीं जोडलेला. कालांतरानें तेंच आम्ल सुटून आंतील पत्रास जाचतें. सध्यां जाणकार जपानी तुतीच्या सालीचा पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची किंवा मिथिल सेल्युलोजची पेज वापरतात. ही दुसरी पेज किड्यांस आवडत नाहीं आणि पाण्यानें पुन्हा सोडवितां येते. आमच्या काजळी शाईस मात्र पाणी सोसत नाहीं, म्हणून पेज घट्ट व बेताची असावी. तंतु अतिसूक्ष्म दळून केलेल्या नॅनोसेल्युलोजच्या पापुद्र्याचेहि प्रयोग अलीकडे झाले आहेत. त्यांचा निकाल काळ देईल. जाड तुटक्या कडांस जोड देण्यासाठीं मात्र दख्खनी हातकागदासारखें दुसरें द्रव्य नाहीं. महात्माजींच्या प्रेरणेनें १९३४ त वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला आणि कृ. भि. जोशी यांच्या प्रयत्नानें १९४० त पुण्यास हातकागदाची संस्था उभी राहिली, म्हणून या विद्येचा धागा तुटला नाहीं. संग्राहकांनीं कागद मागवितांना तो चिंध्यांचा किंवा तागाचा, पिठाच्या खळीचा व तुरटीवांचून असावा असें स्पष्ट लिहून द्यावें. नुसता ‘हातकागद’ म्हटल्यानें भागत नाहीं.

बांधणी करतांना बाइंडर समास छाटतो आणि रुमाल झाडतांना पडलेला चुरा केरांत जातो. तो चुरा व त्या कडा लहान पाकिटांत घालून वर रुमालाचा क्रमांक लिहून ठेवावा. अक्षर नसलेल्या त्या तुकड्यांवरच पुढें तंतूची परीक्षा होणार आहे.