लिथियम बॅटरी चुलीजवळ, उन्हात ठेवताय? आधी हे वाचा

नाशिक : ९ एप्रिल २०२२ रोजी पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या ४० पैकी २० ई-स्कूटर जळाल्या. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. तशीच लिथियम बॅटरी मोबाईल, पॉवर बँक, टॉर्च आणि काही फवारणी पंपांतही असते.

ही बॅटरी फार तापली की आतला पडदा वितळतो, पेटणारा वायू सुटतो आणि ती आपोआपच आणखी तापत जाते. मग बाजूची चूल विझवूनही उपयोग नसतो. म्हणून चूल, शेगडी, तापलेला पत्रा, उन्हात उभी बंद गाडी इथे बॅटरी नकोच. उन्हातून आणलेली गाडी आधी गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात आणि मे महिन्यात मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतोच! चार्जर कंपनीचाच वापरा; स्वस्तातला लोकल इथेच महागात पडतो.

बॅटरी फुगली तर टोचू-दाबू नका. चार्जिंग बंद करून बाहेर मोकळ्यावर ठेवा. शेकोटीत तर कधीच टाकू नका. धूर निघत असेल तर बॅटरीला हात न लावता आधी माणसं बाहेर काढा, जमलं तर मेन स्विच पाडा आणि ११२ ला फोन लावा.