‘आणि इतर’: ऐतिहासिक चित्रपटांतल्या अनाम चेहऱ्यांचा शोध

जुन्या ऐतिहासिक मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शिवाजी महाराज, जिजाऊ, तानाजी यांच्या भूमिका करणाऱ्यांची नावे संपली की शेवटी दोन शब्द येतात: ‘आणि इतर’. कडा चढणारे मावळे, मशालजी, दरबारात मुजरा करून मागे सरणारे सरदार, पालखीचे भोई हे सगळे त्या दोन शब्दांत जमा होतात. पण त्यांच्यावाचून लढाई लढाई दिसली नसती आणि दरबार ओस पडला असता. या माणसांना नावानिशी ओळखण्याचे काम मराठी चित्रपटाच्या इतिहासात फार थोडे झाले आहे.

या अनामतेची सुरुवात चित्रपटाच्या जन्मापासूनच होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा सिनेमात काम करणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी आहे’ असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी नटांना दिली होती. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके यांना त्यांनी साडी नेसवली. साळुंके यांचे नाव टिकले, कारण भूमिका मोठी होती. त्यांच्या मागे उभे राहिलेल्यांचे टिकले नाही. ज्यांनी आपले काम स्वतःच लपवले, त्यांची नोंद इतरांनी ठेवावी अशी अपेक्षा करणेही कठीण होते.

ऐतिहासिक चित्रपटाचे खरे माहेर कोल्हापूर. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा मूकपट. त्यात तानाजी झाले बाळासाहेब यादव, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः पेंटर होते आणि शेलारमामा होते तरुण व्ही. शांताराम. रात्रीची लढाई कृत्रिम प्रकाशात चित्रित केली गेली. कंपनीत कामाची वाटणी आजच्यासारखी काटेकोर नव्हती. सकाळी पडदा रंगवणारा दुपारी मुंडासे बांधून उभा राही. म्हणूनच जुन्या स्थिरचित्रातला मागच्या रांगेतला मावळा पुढे दिग्दर्शक, छायालेखक किंवा रंगभूषाकार म्हणून नावाजलेला निघू शकतो. उलट प्रवासही झाला. १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक असलेले मास्टर विठ्ठल पुढे लहान भूमिकांत दिसू लागले. त्यांना ओळखणारे होते, म्हणून ते गर्दीत हरवले नाहीत.

पुढे भालजी पेंढारकर आणि त्यांचा जयप्रभा स्टुडिओ यांनी ही परंपरा चालवली. ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशा चित्रपटांना मावळे हवे होते आणि कोल्हापुरात तालमींना तोटा नव्हता. कमावलेल्या अंगाचा, लाठी आणि दांडपट्टा फिरवणारा गडी शेजारच्या पेठेतच मिळे. मुंबईत हेच काम ‘एक्स्ट्रा सप्लायर’ नावाच्या मध्यस्थामार्फत चाले आणि तिथली गर्दी शहराच्या कानाकोपऱ्यातून गोळा होई. कोल्हापूरची गर्दी एकमेकांना ओळखणारी होती.

हा फरक शोधाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला पडद्यावरचा मावळा म्हणजे अमक्या तालमीतला गडी. हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या प्रेक्षकाला तो फक्त मावळा. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, स्टुडिओचे जग तिथून फार दूर. मात्र याच भागातल्या गावांत भारुड उभे राहिले की सोंगाच्या आत कोण आहे, हे पोरासोरांनाही कळते. नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असते. कोल्हापुरातही हेच झाले. नावे माहीत नव्हती म्हणून हरवली असे नाही. सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी लिहिली नाहीत, आणि ती पिढी गेली तशी नावेही गेली.

कागद आणि फिल्मही फारशी उरली नाही. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी मोजकेच, तेही तुकड्यांत शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, तोवर बरेचसे नष्ट झाले होते. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत अशा फिल्मचा मोठा साठा जळाला.

जे उरले त्यावरून ओळख पटवण्याचे मार्ग आहेत. थिएटरात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका कधी कधी पडद्यावर न आलेली नावे देते. शांताराम यांचे ‘शांतारामा’, भालजींचे ‘साधा माणूस’, अभिनेते सूर्यकांत यांचे ‘धाकटी पाती’ या आत्मकथनांत सहकाऱ्यांचे उल्लेख येतात. हजेरीपट आणि पगाराची वही हाती लागली तर ती सर्वांत विश्वासार्ह, पण तिच्यात चेहरा नसतो. चेहऱ्यासाठी दृश्य थांबवून पाहावे लागते, आणि तिथे दाढी-मिशा फसवतात, कारण एकच माणूस एका दृश्यात मावळा आणि दुसऱ्यात मोगल शिपाई असू शकतो. कान मात्र रंगभूषेने फारसा बदलत नाही. जन्मभर कुस्ती खेळलेल्याचा चेपून कडक झालेला कान मुंडाशाखालून दिसला, तर शोधाची दिशा तालमीकडे वळते. चाल आणि हत्यार धरण्याची पद्धत याही खुणाच. तरीही नुसत्या साम्यावरून नाव ठोकणे घातक आहे. ‘आमचे आजोबा त्यात होते’ ही घरातली आठवण खरी असली तरी पडद्यावरचा नेमका कोणता चेहरा त्यांचा, हे वेगळे सिद्ध करावे लागते. एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे जुळेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवणेच प्रामाणिक.

काही गर्दी मात्र हाताबाहेरचीच. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मधल्या अंत्ययात्रेसाठी ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत सुमारे तीन लाख माणसे जमली. अकरा कॅमेरा-पथकांनी टिपलेला तो देखावा पडद्यावर जेमतेम दोन मिनिटे दिसतो. त्यातला प्रत्येक चेहरा ओळखणे अशक्य. कोल्हापूरच्या लढायांतली माणसे मोजता येण्याजोगी आहेत, म्हणून तिथे प्रयत्न व्हायलाच हवेत.

त्यातले बरेचसे घरांवर अवलंबून आहे. ट्रंकेच्या तळाशी मावळ्याच्या वेषातल्या पणजोबांचा फोटो असेल, तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्यामागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, पेठ आणि चित्रपट लिहून ठेवावा. शाई पुढच्या बाजूला उमटते, पेन्सिल उमटत नाही.