गोल पाते, पाच न्यूटन आणि पट्टी धरणारा हात

गोधडीचे तुकडे कापण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कातरीने होत आले. कातरीची दोन पाती एकमेकांना सामोरी असतात, कापड त्यांच्यामध्ये येते आणि ते धरणारा दुसरा हात धारेच्या वाटेत सहसा जात नाही. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने कापडासाठी गोल, घरंगळणाऱ्या पात्याचा कटर आणला आणि ही जुनी व्यवस्था मोडली. टेबलावर मॅट, मॅटवर कापडाचे थर, थरांवर ॲक्रिलिकची पट्टी, पट्टीवर दाबून धरलेला एक हात आणि त्या हाताच्या बोटांपासून दोन-तीन सेंटिमीटरवरून धावणारी उघडी धार. अमेरिकेतील क्विल्ट शिवणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात हे अवजार आपलेसे केले. दिवसाचे कापणे तासाभरावर आले आणि हाताला एक नवाच धोका जडला.

ओल्फाचे संस्थापक योशिओ ओकादा मूळचे छापखान्यातले. बोथट झालेल्या पात्याचे टोक मोडून नवी धार मिळवण्याची युक्ती त्यांनी १९५६ साली काढली. फुटलेल्या काचेची धार आणि तुकडे पडणारी चॉकलेटची वडी यांवरून ती सुचली, असे सांगितले जाते. कंपनीच्या नावाचा अर्थही ‘मोडायचे पाते’ असाच आहे. बोथट धार हीच खरी अडचण, हे ज्याला छापखान्यात उमगले त्याच्याच कंपनीतून गोल पाते यावे, यात मला संगती दिसते. कारण या कटरच्या धोक्याचे मूळही बऱ्याच अंशी बोथटपणातच आहे.

ते कसे, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातून समजते. न घसरता घरंगळणाऱ्या चाकाचा तळाचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि त्याच्या लगतचे बिंदू जवळजवळ सरळ खाली उतरत असतात. म्हणजे गोल पाते कापडावर ओढले जात नाही, ते कापडात दाबले जाते. म्हणूनच थर सरकत नाहीत; या अवजाराची सारी अचूकता त्यात आहे. मात्र ओढण्याचा फायदा सोडल्यामुळे त्याची भरपाई दाबाने करावी लागते. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले आणि आता हार्वर्डमध्ये असलेले एल. महादेवन व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखवून दिले, की मऊ पदार्थ नुसता दाबून कापण्यापेक्षा धार त्यावरून सरकवत कापला तर पुष्कळ कमी बल पुरते. टोमॅटो चिरणाऱ्या प्रत्येकाला हे हाताने ठाऊक असते.

आता पाते पट्टीच्या कडेवरून उसळले, अशी कल्पना करा. थर कापण्यासाठी दिलेला भार हातात तसाच आहे, पण पाते आता घरंगळत नाही, तिरके घसरते. आणि समोर कापड नसून त्वचा आहे, म्हणजे नेमका मऊ पदार्थ. पाते बोथट असेल तर आधीचा भार अधिक असतो. म्हणून जुने पाते ‘अजून चालते आहे’ म्हणून वापरत राहणे ही महागडी काटकसर आहे.

हाताच्या बचावाची सामग्री याच काळात, पण वेगळ्याच दालनांत तयार होत होती. ड्यूपाँमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ साली बहुवारिकाचे एक गढूळ, पातळ द्रावण मिळाले. ते यंत्रातून कातायला तंत्रज्ञ प्रथम राजी नव्हता, कारण सूक्ष्म छिद्रे तुंबतील अशी त्याला धास्ती होती. त्यातूनच पुढे केव्हलार आले. आणि १९७९ सालीच, म्हणजे गोल कटर आला त्याच वर्षी, नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिइथिलीनचे जेल ओढून अतिबलवान तंतू काढण्याची रीत पेटंटसाठी मांडली. भाजीच्या पिशवीत असते तेच हे रसायन. फरक फक्त रेणूंच्या लांबीचा आणि ते एका रेषेत लावण्याचा. आजच्या बहुतेक हलक्या कापरोधक मोज्यांत हे तंतू असतात, अनेकदा काचेच्या किंवा पोलादाच्या बारीक तारेसह.

अशा मोज्यांची परीक्षा मात्र फार बोलकी आहे. युरोपच्या ईएन ३८८ या मानकातील जुन्या चाचणीत ४५ मिलिमीटर व्यासाचे गोल पाते ५ न्यूटन भाराखाली मोज्यावर पुढे-मागे फिरवतात. क्विल्ट शिवणाऱ्यांच्या कटरचे सर्वांत रूढ माप हेच! सुती कापडाच्या तुलनेत मोजा किती फेऱ्या टिकतो, यावरून १ ते ५ अशी श्रेणी मिळते. पण काच-पोलादाच्या तंतूंनी पातेच बोथट होऊ लागले आणि गुण फुगू लागले. म्हणून २०१६ च्या सुधारणेत दुसरी चाचणी पुढे आली. तीत दर वेळी नवे सरळ पाते एकदाच ओढतात आणि २० मिलिमीटर अंतरात मोजा कापायला किती बल लागले ते पाहतात. ए म्हणजे किमान २ न्यूटन, डी म्हणजे १५, एफ म्हणजे ३०.

आपल्याकडे मिळणाऱ्या मोज्यांवरही ‘४एक्स४३डी’ अशी अक्षरे छापलेली दिसतात. त्यातील दुसरे स्थान जुन्या चाचणीचे; तिथे ‘एक्स’ म्हणजे ती चाचणी घेतलेली नाही किंवा लागू नाही. शेवटचे अक्षर नव्या चाचणीचे. आता ५ न्यूटन म्हणजे अर्ध्या किलोचे वजन. कापडाचे सहा थर कापताना आपण खांद्यातून देतो तो भार यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. तेव्हा जुन्या चाचणीतील ‘५’ पाहून निर्धास्त होऊ नये, शेवटचे अक्षर वाचावे. तेही ओढलेल्या सरळ पात्याचे माप आहे, घरंगळत्या पात्याचे नव्हे. विणलेल्या मोज्यातून सुई तर सहज आरपार जाते.

मोजा घालायचा तो पट्टी धरणाऱ्या हातात. उजव्या हाताने कापणाऱ्याने डाव्यात. तिरुप्पूरच्या कापणी विभागांत विजेच्या सुरीपुढे कापड धरणारा कारागीर पोलादी कड्यांचा मोजा याच तर्काने घालतो. मात्र ड्रिल किंवा लेथसारख्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राजवळ मोजा घालणे घातक ठरते, कारण त्यात तो गुंतून हातच ओढला जातो. हातकटरला ही अडचण नाही. त्याच्यासाठी मोज्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे पात्यावरचे झाकण. मूठ सोडताच पाते आपोआप आत जाते असे कटर आता मिळतात. साधा कटर असेल तर प्रत्येक काप संपला की, टेबलावर ठेवण्यापूर्वी, ते झाकण अंगठ्याने सरकवावे लागते.