पळस

पळस (शास्त्रीय नाव: ब्युटिया मोनोस्पर्मा, संस्कृत: पलाश, किंशुक, हिंदी: टेसू, ढाक) हा शिंबावंत कुलातील मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष आहे. तो भारतीय उपखंडात व आग्नेय आशियात आढळतो. महाराष्ट्रातील कोरड्या पानझडी वनांत व माळरानांवर तो सामान्यपणे दिसतो. त्याच्या फुलांपासून कापड रंगविण्यासाठी पिवळा रंग काढण्याची परंपरा जुनी आहे.

वर्णन

पळसाच्या प्रत्येक पानात तीन पर्णिका असतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्यावरूनच पडली. वसंताच्या सुरुवातीस पर्णहीन फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे घोस येतात. फुलाचा बाक पोपटाच्या चोचीसारखा असतो. शेंगेत टोकाशी एकच बी असते. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी.

रंगद्रव्य

फुलांमध्ये ब्युट्रिन व आयसोब्युट्रिन ही ग्लायकोसाइडे असतात. सौम्य आम्लात किंवा अल्कलीत उकळल्यास त्यांचे विघटन होऊन ब्युटेइन हे नारिंगी-पिवळे रंगद्रव्य मिळते. ए. जी. पर्किन व जे. जे. हमेल यांनी १९०४ मध्ये या रंगद्रव्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. नैसर्गिक रंगांच्या व्यवसायाला ओहोटी लावणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी ‘मॉव्ह’ हा रंग १८५६ मध्ये शोधणारे विल्यम हेन्री पर्किन हे ए. जी. पर्किन यांचे वडील होत.

रंगविण्याची रीत

ताजी किंवा सावलीत वाळविलेली फुले पाण्यात भिजवून उकळतात व अर्क गाळून घेतात. सुती, रेशमी किंवा लोकरी कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग अर्कात बुडविल्यास पिवळा रंग चढतो. चुना किंवा अन्य अल्कली घातल्यास तो नारिंगीकडे झुकतो, तर लोहक्षारांमुळे मळकट हिरवट-तपकिरी छटा येते.

टिकाऊपणा व उपयोग

हा रंग कच्चा आहे. उन्हाने तो विटतो आणि धुण्याने फिका पडतो. तुरटीमुळे तो कापडाला अधिक घट्ट धरून राहतो, तरी पुरता पक्का होत नाही. त्यामुळे रोजच्या वापराच्या वस्त्रांपेक्षा सणासमारंभाच्या वस्त्रांसाठी तो अधिक सोयीचा ठरतो. कापडाच्या दृष्टीने जो दोष, तोच होळी व रंगपंचमीला गुण ठरतो: अंगावर उडविलेला रंग सहज धुऊन जातो. वस्त्रोद्योगातून हा रंग मागे पडला, तरी या सणांसाठी फुले उकळून रंग करण्याची प्रथा अनेक ठिकाणी टिकून आहे.