कूपे : एक शब्द आणि एक मोटार

'कूपे' हा शब्द वऱ्हाडातील प्रवाशास मोटारीपेक्षा आगगाडीमुळे अधिक परिचित आहे. अकोला-बडनेरा मार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला. अशा मार्गांवरील पहिल्या वर्गात दोन शायिकांच्या खोलीस 'कूपे' म्हणण्याचा प्रघात पडला. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ 'कापणे' असा आहे. समोरासमोर दोन आसने असलेल्या घोडागाडीचे पुढील आसन कापून टाकले म्हणजे जी दोघांपुरती गाडी उरे, ती कूपे होय. आगगाडीतील खोली व बंद छपराची मोटार यांनी हे नाव तिच्याकडूनच घेतले.

मोटारींत या संज्ञेचे ठळक उदाहरण म्हणजे जॅग्वार ई-टाइप. ती मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिचा आकार सिद्ध करणारे माल्कम सेयर विमाननिर्मितीच्या क्षेत्रातून आलेले होते. त्यांच्याच डी-टाइपने १९५५ ते १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे ल मांची शर्यत जिंकली होती. ई-टाइपची डौलदार रेषा केवळ शोभेसाठी नव्हती. वाऱ्याचा विरोध कमी करण्याच्या गणितातून ती निघाली होती. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन व ताशी १५० मैलांचा वेग, असा कारखान्याचा दावा होता.

ही कूपे प्रारंभी शब्दशः दोघांचीच होती. १९६६ साली मात्र चाकांमधील अंतर नऊ इंचांनी वाढवून व छप्पर उंचावून तीत मागे दोन लहान आसने बसविण्यात आली. १९७१ नंतर बारा सिलिंडरांच्या ई-टाइपची कूपे केवळ याच रूपात मिळू लागली. जे आसन कापल्यामुळे नाव पडले, ते परत आले. तरी नाव कायम राहिले. व्युत्पत्तीवरून शब्दाचा प्रचलित अर्थ ठरविणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे. मूळ अर्थ जपला तो आगगाडीतील खोलीने, मोटारीने नव्हे.

ई-टाइपचे उत्पादन १९७४ साली थांबले. तोवर बहात्तर हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. पुढे २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली आणि या इंग्रजी नाममुद्रेची मालकी मुंबईकडे आली. 'जॅग्वार' हा शब्द तरी मूळचा इंग्रजी कोठे आहे? दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत तो इंग्रजीत गेला. वस्तूंप्रमाणेच शब्दांचेही स्वामी बदलतात. इतिहासकाराने दोहोंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचावयास हव्यात.