दुपारची वीज, रात्रीची पाळी आणि सह्याद्रीवरचं पाणी



सोलरची वीज भर दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीला संपते. मग ती साठवायची कशी, याची चर्चा हल्ली सगळीकडं आहे. बॅटरीचं नाव जास्त ऐकू येतं. पण आपल्या राज्यात वीज साठवायची सोय शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती पाण्यातली आहे. हा इतिहास शेतकऱ्यानं माहीत करून घ्यावा, कारण जमीन, पाणी किंवा झोप, यातलं काहीतरी दरवेळी आपल्याच वाट्याचं गेलंय.

सुरुवात खोपोलीपासून. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. घाटमाथ्यावर पाऊस धो धो, पण चारच महिने. गिरणी तर बारा महिने चालणार. म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथं तलाव बांधले, पाणी नळातून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. जमशेटजी टाटांची ही कल्पना, पण ते १९०४ मध्येच गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. ही झाली हंगामाची साठवण. पावसाळ्यातलं पाणी म्हणजे उन्हाळ्यातली वीज. आपण कणगीत धान्य ठेवतो, तसंच.

पुढं १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळा नदीवर मुळशीला धरण घातलं. तिथं मावळातली भातखाचरं होती आणि बावन्न गावांवर पाणी येणार होतं. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि 'सेनापती' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. पुढं जमिनींचे मालक असलेले सावकार-जमीनदार मोबदल्याकडं वळले आणि प्रत्यक्ष कसणारा मावळा एकटा पडला. धरण झालंच. पूर्वेला भीमेकडं जाणारं पाणी घाट उतरून कोकणात कुंडलिकेला मिळालं. गिरण्यांचे दिवे लागले, ही गोष्ट खरी. खाचरं पाण्याखाली गेली, हीसुद्धा खरी.

दुसरी साठवण दिवसाची. यात पाऊस साठवत नाहीत, विजेचा वेळ साठवतात. जास्तीची वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज करायची. स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउजेनला १९०९ मध्ये असं केंद्र सुरू झालं. आपल्याकडं भिऱ्याला १९९० च्या दशकात असा १५० मेगावॉटचा संच बसला आणि २००८ मध्ये घाटघर सुरू झालं. घाटघरचं वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. मधे चारशे मीटरहून जास्त उतार. १२५ मेगावॉटचे दोन संच. तेच पाणी खाली-वर फिरतं.

आता गणित बघा. हजार लिटर पाणी ४०० मीटर वर नेलं की त्यात साधारण १.०९ युनिट वीज बसते. चढवताना-उतरवताना घट येते. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. म्हणजे हे केंद्र वीज तयार करत नाही, थोडी खातंच. तरी परवडतं, कारण नको त्या वेळची वीज देऊन हव्या त्या वेळची मिळते.

इथं आपली रात्रपाळी आठवा. कोळशाची केंद्रं रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाहीत. रात्री कारखाने आणि ऑफिसांची मागणी उतरते, आणि तो खड्डा भरायला शेतीपंप सोयीचे. म्हणून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास असं वेळापत्रक आलं. घाटघरचं काम यंत्र करतं. इकडं तेच काम साप-विंचू, बिबट्या आणि थंडी सोसत बॅटरी हातात घेऊन बारं देणाऱ्या माणसानं केलं. ग्रिड सांभाळायचा हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

सोलरनं हे चित्र उलटं केलं. आता जास्तीची वीज दुपारी आहे. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच धोरणावर उभी आहे: गावाजवळ सोलर आणि पंपांना दिवसा वीज. दिवसा मोटर चालली की विहिरीतलं पाणी पिकाला किंवा शेततळ्यात जातं. तीच आपली साठवण.

काही जण विचारतात, मग शेततळ्यातून वीज होईल का? नाही. वीस लाख लिटरचं तळं पाच मीटर उंचीवर असलं तरी त्यात जेमतेम २७ युनिट बसतात. तेच पाणी ४०० मीटरवर असतं तर २,१८० युनिट. सपाट रानात उतार नाही, म्हणून वीज नाही. पण वीस मीटर खोल विहिरीतून तेच वीस लाख लिटर वर काढायला, मोटर-पंपाची निम्मी कार्यक्षमता धरली, तर सुमारे २१८ युनिट लागतात. म्हणजे पाच एचपीच्या मोटरचं जवळपास आठवडाभराचं दिवसाकाठी काम. ते उन्हात उरकलं, तर तेवढी वीज रात्रीसाठी कुणाला साठवावी लागत नाही. सगळ्यात स्वस्त साठवण ही.

तरी संध्याकाळी शहराला वीज लागणारच. त्यासाठी घाटात नवे प्रकल्प येताहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवटा (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) यांचा करार झाला. तेच शिरवटा, तीच भिवपुरी. उदंचन केंद्राला मुळशीएवढं पाणी आणि जमीन लागतेच असं नाही, कारण पाणी फिरून वापरतात. पण पहिली भरती आणि बाष्पीभवनाची तूट कुठून तरी येतेच, आणि वरचा तलाव कुणाच्या तरी रानात असतो.

म्हणून आपल्या भागात असा प्रकल्प आला, तर ग्रामसभेत चार गोष्टी लेखी मागा. पहिली भरती कुठल्या नदीतून आणि कुठल्या महिन्यात? दरवर्षीची तूट कुणाच्या वाट्यातून? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण कसणाऱ्या माणसाला काय? आणि दुपारची वीज वर चढवायच्या आधी त्या तालुक्यातल्या पंपांना दिवसाची पूर्ण पाळी मिळणार का? मुळशीला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेळेत मिळालं नव्हतं.