मराठवाड्यातील आर्थिक पाहणी आणि यंत्राचा उत्तरदाता

नांदेड आणि लातूरचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथील ग्रामीण पाहणीचा, म्हणजे ठरावीक प्रश्नावली घेऊन निवडक कुटुंबांचे उत्पन्न, खर्च व कर्ज टिपण्याच्या पद्धतीचा, इतिहास संस्थानी कारभाराशी जोडलेला आहे; एस. केशव अय्यंगार यांनी 1929-30 मध्ये संस्थानात केलेली आर्थिक पाहणी हा त्यातील आरंभीचा महत्त्वाचा टप्पा होय. ‘तुमच्यावर कर्ज किती?’ हा प्रश्न या भागात कधीच सरळ नव्हता. सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतमजुराची, मजुरी रोख आणि धान्य अशी विभागलेली असे, त्यामुळे त्याने घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नेमकी किती हे सांगणे अवघड. शेतकऱ्याने आडत्याकडून, म्हणजे बाजारातील दलालाकडून, घेतलेली उचल त्याच्याच दुकानी माल घालून फेडली जाई, त्यामुळे भावातील कोणती कपात व्याजाची व कोणती आडतीची, हे पाहणीदाराला खोदून विचारावे लागे. शिवाय सात हाली (संस्थानचे) रुपये म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानचे) रुपये, हा हिशेबही मध्ये येई.

रिझर्व्ह बँकेच्या 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, जिच्या गोरवाला समितीवर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, 75 जिल्ह्यांतील 600 गावे घेण्यात आली, आणि शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, तर सावकारांचा सुमारे सत्तर टक्के असल्याचे आढळले. घरोघरी विचारल्यानेच हे सत्य हाती आले; तत्कालीन छापील साहित्यावरून कोणी अंदाज बांधला असता, तर जिच्याविषयी पुष्कळ लिहिले जात होते त्या सहकारी चळवळीला त्याने बहुधा याहून मोठे स्थान दिले असते.

मजकुरावरून अंदाज बांधण्याचा नेमका हाच धोका आजच्या भाषा-प्रारूपांत, म्हणजे अफाट मजकुरावरून शब्दांचे अनुबंध शिकलेल्या संगणकीय यंत्रणांत, आहे. अशा प्रारूपाला एखाद्याचे वय, व्यवसाय, उत्पन्न सांगून त्याच्या भूमिकेतून उत्तरे घ्यावीत, ही कल्पना जॉन हॉर्टन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 च्या सुमारास मांडली. परंतु अशी उत्तरे खऱ्या माणसांच्या उत्तरांपेक्षा एकसारखी येतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेवर जगभर लिहिले गेले, देगलूर वा अहमदपूरच्या सालगड्याच्या उचलीवर मात्र फारसे नाही. म्हणून प्रारूपातला लातूरकर दुष्काळाविषयी भरभरून बोलेल आणि स्वतःच्या देण्याघेण्याविषयी कुठल्याही शेतकऱ्यासारखाच. पाहणीपूर्वी प्रश्नावली तपासताना, ‘कर्ज’ या शब्दात उचल धरायची की नाही अशी संदिग्धता हेरण्यास हे साधन निश्चित उपयोगी आहे; उचलीचा आकडा मात्र ती घेणाऱ्यालाच विचारावा लागेल.